चालू बांधकामाची रत्नाताई

विमा एजंट दारात दिसला की माणसं आतूनच "साहेब घरी नाहीत" म्हणून ओरडतात. सीताबर्डीच्या आमच्या ऑफिसात लागल्यापासून मी हे ऐकत आलेय. एकदोनदा तर खुद्द साहेबांच्याच आवाजात ऐकलंय. आणि रत्नमाला गजभिये दारात दिसली की तीच माणसं लगबगीनं खुर्ची पुसायला घ्यायची. घर फोडलेलं, जिकडेतिकडे सिमेंट उडतंय, खुर्ची पुसून काडीचा उपयोग नाही, तरी पुसायची. बाई त्या खुर्चीवर बसायचीच नाही. सिमेंटच्या पोत्यावर पदर सावरून ऐसपैस बसायची आणि म्हणायची, "राहू द्या न भाऊ, हे बी तं गादीच हाय." सगळे हसायचे. यात हसण्यासारखं काय आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

मी वंदना काळबांडे. एम. कॉम. एजंटांच्या परीक्षेत आमच्या ऑफिसातून पहिली आलेली. घराच्या पॉलिसीतलं कुठलंही कलम मला झोपेतून उठवून विचारा. रत्नाताई आणि मी एकाच कंपनीच्या एजंट, एकाच खोलीत बसायचो, एकाच पंख्याखाली. दोघींचा धंदाही एकच, घराचा विमा. आता नागपुरात घराचा विमा कोणी हौसेनं घेत नाही. गाडीचा घेतात, कारण चौकात पोलीस अडवतो. घराला कोण अडवणार? घराच्या विम्याची आठवण माणसाला होते ती घराचं काम काढल्यावर. पोराला मिहानच्या कंपनीत नोकरी लागली, लग्न ठरलं, चला, वर मजला चढवू. म्हातारीला पायऱ्या चढवत नाहीत, चला, खालीच न्हाणीघर काढू. मग पहिली भिंत फुटते, मागचं आभाळ दिसायला लागतं आणि घरमालकाच्या छातीत धडधडतं. ही आमची वेळ.

ती वेळ गाठण्यात रत्नाताईचा हात कोणी धरू शकत नव्हतं. रस्त्यात कुठे रेतीचा ढीग दिसला की तिची स्कुटी थांबलीच म्हणून समजा. उन्हासाठी डोक्यापासून गळ्यापर्यंत पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, त्यावर हा एवढा काळा गॉगल, अंगावर पोपटी नाहीतर राणी रंगाची साडी आणि पायात चक्क पोरांचे खेळायचे बूट. बांधकामावर खिळे लागतात म्हणून बूट. नागपुरात उन्हाळ्यात सगळ्याच बाया तोंड बांधून फिरतात, कोण कोणाची हे नवऱ्यालाही ओळखू येत नाही. पण रत्नाताई तोंड बांधलेल्या अवस्थेतच आत शिरायची, "काय गा मिस्त्री, प्लंबला धरली का भिंत, का अंदाजपंचे?" असं विचारायची, आणि घरातली बाई चहाचं आधण ठेवायची. मी तोंड सोडून, केस नीट करून, व्हिजिटिंग कार्ड पुढे करून जायची. मला पाणी मिळायचं. तेही मागितल्यावर.

तिचं समजावणं ऐकून माझं डोकंच फिरायचं. मी सांगायची, "बांधकामात बदल करत असाल तर कंपनीला आधी कळवणं बंधनकारक आहे, कारण जोखमीचं स्वरूप बदलतं." खरं आहे ना हे? शब्दन् शब्द खरा आहे. ती काय म्हणायची? "भाऊ, तुमचं घर सध्या आंघोळीले बसलं हाय. दार उघडं, कपडे बाहेर. अशात कोणी आलं तं? म्हणून म्हणते, कंपनीले सांगून ठेवा का आम्ही आंघोळ करून राहिलो." घरमालक खो खो हसायचा आणि मुकाट सही करायचा. अहो, विमा आहे हा, काही चेष्टा आहे का! मी एकदा तिला म्हटलंही, "रत्नाताई, असं सांगणं बरोबर नाही." तर म्हणाली, "नाही न वं. पण त्यायले समजते."

लोकांची नावं तिच्या लक्षात राहायची नाहीत. फोनमध्ये तिनं माणसं साठवली होती ती त्यांच्या फोडतोडीवरून. जिना फिरवणारे. मोरीवाल्या काकू. स्लॅब गळते बाप-लेक. एका मोठ्या डॉक्टरांना ती फोनवर "कमोडवाले डॉक्टर का?" असं विचारताना मी स्वतः ऐकलंय. तो डॉक्टर रागवायला हवा होता. त्यानं दिवाळीला तिला संत्रा बर्फी पाठवली.

आणि तिचा फोन सारखा वाजायचा. माझी खरी आग तिथे होती, उगाच आडपडदा कशाला? पॉलिसी विकणं निराळं. पण कोणाच्या घरी काही अघटित झालं, भिंत बसली, वायरिंगनं पेट घेतला, चोर शिरला, तर त्या माणसाचा हात आधी कोणाच्या नंबरकडे जातो? भावाच्या आधी, पोलिसांच्या आधी? मला या धंद्यात एवढंच हवं होतं, की एकदा, एकदा तरी कोणीतरी घाबरून पहिला फोन मला करावा. माझा फोन वाजायचा तो नवऱ्याचा, दुधाची पिशवी आणायची का म्हणून. तिचा वाजला की समोरून आधी रडणं ऐकू यायचं, मग ताई, ताई. मी शेजारच्या टेबलावरून ऐकत बसायची.

माझ्या सख्ख्या दिराचं सांगते. त्यांनी घराचा जिना आतून बाहेर काढायचं ठरवलं. मी जेवायला बोलावलं, सांबारवडी केली, आणि जेवण झाल्यावर त्यांना शांतपणे सगळं समजावून सांगितलं. जुन्या घराचा विमा कशाला पुरतो, ठेकेदाराच्या चुकीला का पुरत नाही, काम चालू असताना शेजाऱ्याच्या घरावर काही पडलं तर त्यासाठी वेगळं संरक्षण कसं जोडून घ्यावं लागतं. दीर माना डोलवत होते. शेवटी म्हणाले, "पाहू न वहिनी, घाई काय हाय." आठ-पंधरा दिवसांनी घरी आले ते हसतच. "वहिनी, तुमच्या ऑफिसातल्या त्या ताई काय मस्त सांगतात हो! रस्त्यानं चालल्या होत्या, रेती पाहून थांबल्या. म्हणे तुमचं घर आंघोळीले बसलं. हासून हासून पोट दुखलं. करून टाकली पॉलिसी." माझ्याच ताटात वाढलेली सांबारवडी खाऊन गेलेला माणूस हा! सासूबाईंनी वरून विचारलं, "तुले नाही का वं येत असं सांगता?" मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

तिची एक पद्धत मात्र खास होती. त्या पद्धतीनंच तिला एकदा चांगलं गोत्यात आणलं, म्हणून ती नीट सांगते.

काम मोठं असलं की लोक सामान घेऊन महिना-दोन महिने किरायाच्या घरात राहायला जातात. पॉलिसीत अट असते, की घर महिन्याहून जास्त रिकामं राहणार असेल तर कंपनीला कळवायचं. नाही कळवलं आणि चोरी झाली, तर कंपनी हात वर करते. मी लोकांना सरळ विचारायची, "घर रिकामं केलं का?" लोक म्हणायचे, "नाही नाही, रिकामं कायले, येणंजाणं असते न आमचं." राहत्या घराला रिकामं म्हणायला जीभ वळत नाही कोणाची. रत्नाताई तो शब्दच तोंडाशी आणायची नाही. ती विचारायची, "देव हलवले का?" बस. आमच्याकडे सामान आधी जातं, गाद्या जातात, गॅस जातो, आणि सगळ्यांत शेवटी देव्हारा जातो. ज्या दिवशी देव हलले त्या दिवशी घर सुटलं. लोक तिला तिथी-वार सांगून मोकळे व्हायचे, "एकादशीले हलवले न ताई." की हिनं त्या दिवसापासून घर रिकामं धरलं आणि कंपनीला कळवलं.

आता गंमत बघा. रत्नाताई बौद्ध. तिच्या आजोबांनी इथेच नागपुरात दीक्षा घेतलेली. तिच्या घरी देव्हारा नाही, कसलं सोवळं-ओवळं नाही. सकाळी मुलंबाळं बसून बुद्धवंदना म्हणतात. मी विचारलं होतं तिला, "तुम्ही देव मानत नाही, मग लोकांच्या देवांची एवढी चौकशी काहून?" म्हणाली, "मी कुठी मानते वं? पण ते मानतात न. अन् मानलेल्या गोष्टीबाबत माणूस खोटं नाही बोलत." मला हे आधी का सुचलं नाही, या विचारानं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझ्या घरात एवढा मोठा देव्हारा आहे.

तर बेसा भागात ढोबळेआजींचं घर होतं. आजी, त्यांचा मुलगा प्रमोद, सून. वर मजला चढत होता. प्रमोदनं पुढच्याच गल्लीत किरायानं घर घेतलं, सगळे तिकडे राहायला गेले. मोठी कपाटं, पितळेची भांडी, टीव्ही आणि नव्या न्हाणीघरासाठी आणलेले नळ, वायरी, हे सगळं जुन्या घराच्या मागच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. रत्नाताईनं नेहमीप्रमाणे फोन केला. "आजी, देव हलवले का?" आजी म्हणाल्या, "नाही वं माय. देव इथंच हायेत." आणि ते खरं होतं. आजींनी हट्टच धरला होता, की माझे देव किरायाच्या घरात जाणार नाहीत, त्यांचं स्वतःचं घर आहे. रोज सकाळी आजी यायच्या, देवांना न्हाऊ घालायच्या, दिवा लावायच्या, आणि जेवायला-झोपायला गल्लीतल्या घरी परत. देव होते, माणसं नव्हती. रत्नाताईनं घर राहतं धरलं आणि कंपनीला काहीच कळवलं नाही. मग दोन महिन्यांनी एके रात्री खिडकीची फळी काढून चोर आत शिरले आणि मागची खोली झाडून नेली. देवांना हात लावला नाही, एवढंच.

रत्नाताई सकाळी ऑफिसात आली तेव्हा तिच्या तोंडावरचा दुपट्टा तसाच होता. बसली आणि मला म्हणाली, "वंदना, तुले कलमं पाठ हायेत. यातून रस्ता हाय का वं?" मी सगळं ऐकून घेतलं. पुन्हा एकदा विचारलं. मग म्हणाले, "नाही." रस्ता खरंच नव्हता, अक्षरभर खोटं बोलले नाही मी. पण ते 'नाही' म्हणताना मला जी गोडी वाटली ती काय सांगू! तिनं मान हलवली. "तू चाल मग संग. सर्व्हेयर येऊन राहिला. मले ते कलमांच्या भाषेतलं नाही जमत." मी तयारच होते. हिचा फजितवाडा मला डोळ्यांनी बघायचा होता.

बेसाला पोचलो. अर्धवट भिंती, वर सळया निघालेल्या, ऊन मी म्हणत होतं. कंपनीनं पाठवलेला सर्व्हेयर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, रुमालानं मान पुसत होता. ढोबळेआजी देव्हाऱ्यापाशी बसलेल्या, सून त्यांच्या मागे. सर्व्हेयरनं खिडकी पाहिली, कुलूप पाहिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "रात्री इथं झोपायला कोण असायचं?"

सगळ्यांच्या लक्षात आलं, की जे काय आहे ते या एका प्रश्नात आहे. प्रमोदनं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. तो म्हणायला लागला, "म्हणजे साहेब, मी..."

"कोणी नाही झोपत होतं," रत्नाताई म्हणाली. "साहेब, चूक माही हाय. मी यायले देव हलवले का, एवढंच विचारलं. झोपता कुठी, ते विचारलंच नाही. यायनं मले काहीच खोटं नाही सांगितलं. तसं लिहा तुम्ही."

प्रमोद लालबुंद झाला. सर्व्हेयर गाडीपाशी जाईपर्यंत त्यानं कसंबसं आवरून धरलं, मग फुटलाच. "ताई, खरं बोलाचा ठेका तुमीच घेतला का? एक शब्द मी बोललो असतो तं काय बिघडत होतं? कंपनी काय रस्त्यावर आली असती?"

"कंपनी नाही, तुम्ही आले असते रस्त्यावर," रत्नाताई म्हणाली. "आज नाही तं उद्या तो सर्व्हेयर शेजाऱ्याले विचारते. मिस्त्रीले विचारते. मग चोरीचं तं जातेच, अन् घराचा विमा बी जाते. उद्या हा स्लॅब बसला तं कोणाच्या तोंडाकडे पाहाल? मले शिव्या द्या तुम्ही. मी बसते इथं, किती द्याच्या त्या द्या."

आणि बसली की खरंच! सिमेंटच्या पोत्यावर. प्रमोदनं दिल्या शिव्या. बऱ्याच दिल्या. ती ऐकत बसली, मधूनमधून "होय न" म्हणत. क्लेम नामंजूर झाला, होणारच होता. परतताना स्कुटीवर तिच्या मागे बसलेल्या माझ्या मनात सनई-चौघडे वाजत होते. संपलं, मी म्हटलं. आता ढोबळे गेले, ढोबळ्यांची सारी गल्ली गेली, आता बघू कोण खुर्ची पुसतं.

दुसऱ्या दिवशी हिनं काय केलं असेल? एखादी असती तर चार दिवस आजारी पडली असती. ही ऑफिसच्या खोलीत उभी राहिली आणि सगळ्या नव्या एजंटांना मोठ्यानं सांगितलं, "ऐका गा सारे. माहा एक क्लेम गेला. माह्याच चुकीनं गेला. देव विचारा, पण पलंग बी विचारा." सगळे हसले. आणि महिन्याभरात ते वाक्य आमच्या ऑफिसात जो तो म्हणायला लागला. देव विचारला, पलंग विचारला का? मॅनेजरसाहेबांनी मीटिंगमध्ये म्हटलं! मी माझ्या आख्ख्या कारकिर्दीत एकही चूक केली नाही. माझं एक वाक्य कोणाला पाठ असेल तर सांगा.

ढोबळ्यांची पॉलिसी संपत आली तेव्हा मी मुद्दाम बेसाला गेले. घर तोवर पूर्ण झालं होतं, वरच्या मजल्याला छान पिवळा रंग दिला होता. मी रत्नाताईबद्दल वाईट एक शब्द बोलले नाही, माझं शिक्षण तसं नाही. फक्त म्हणाले, की या वेळी सगळं काळजीपूर्वक करून घ्या, माझ्या हातून काही राहत नाही. प्रमोद म्हणाला, "आईले विचारा, मी त्या भानगडीत नाही पडत." आजींनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मला पोहे दिले, वर तर्री घातली. मग म्हणाल्या, "पोरी, तू हुशार हायेस. पण त्या बाईनं चारचौघांत सांगितलं का चूक माही हाय. दुसरी कोणी असती तं माह्यावर ढकललं असतं, का म्हातारीनं देव नाही हलवले म्हणून. माहा पोरगा बी मनातून मलेच बोल लावत होता. त्या दिवशीपासून घरात मले कोणी उणं नाही बोललं. मी तिच्याकडूनच करते."

ज्या बाईनं नुकसान केलं तिच्याकडूनच! मी पोहे अर्धे टाकून उठले. मेट्रोच्या स्टेशनापर्यंत ऑटोनं येताना मला रडूच यायचं बाकी होतं. म्हणजे माणसानं चूक करावी की काय आता? तेही मुद्दाम?

यानंतर रत्नाताई फार दिवस ऑफिसात राहिली नाही. तिच्या लेकीला पुण्यात बाळ झालं आणि ती तिकडेच राहायला गेली. जाण्याआधी तिची नि माझी शेवटची गाठ पडली ती माझ्याच घरी, आणि ती अशी.

आम्ही अंगणात जमिनीखाली पाण्याची मोठी टाकी करायला घेतली होती. शेजारी शेंडेकाकू, आमची-त्यांची मधली भिंत एकच. मी विमा एजंट, माझ्याकडे काय कमी असणार? कंपनीला आधी कळवलं होतं. काम चालू असतानाची वेगळी पॉलिसी काढली होती. शेजाऱ्याच्या नुकसानीचं संरक्षण जोडून घेतलं होतं. सगळं चोख. दुपारी नवरा कामावर, घरात मी एकटी, मजूर खड्ड्यात. आणि धप्पकन आवाज आला. मधली भिंत काकूंच्या बाजूला कोसळली होती. काकू तिथेच भांडी घासत बसलेल्या.

मी धावत गेले. काकू वाचल्या, पण पायावर विटा पडल्या होत्या, पाऊल बघवत नव्हतं. त्यांचा मुलगा आतून आला आणि माझ्यावर जो तुटून पडला, बापरे! मी म्हटलं, "काकू, चला, माझी गाडी आहे, दवाखान्यात जाऊ." काकू म्हणाल्या, "तुह्या गाडीत पाय नाही ठेवत मी. माहा माणूस गेला, त्याची भिंत तेवढी होती, ते बी तुमी खाल्ली." मी सांगायला लागले, की सगळं भरून मिळेल, शेजाऱ्याच्या नुकसानीचं कलम आहे, इजेचंही आहे. मुलगा म्हणाला, "तुमचं कलम ठेवा तुमच्या जवळ." काकू खाटेवर आडव्या, पायातून रक्त चाललेलं, मुलगा ओरडतोय, आणि काकू कोणाच्याच सांगण्यानं उठायला तयार नाहीत. माझ्या हातात फोन होता. नवरा होता, भाऊ होता, दवाखान्याची गाडी होती. मी रत्नाताईला लावला.

ती आली तेव्हा दुपट्टा तोंडावर तसाच. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काकूंच्या खाटेपाशी खाली बसली, एक वीट उचलली, फिरवून पाहिली आणि म्हणाली, "काकू, ही भिंत कोणी बांधली होती वं?" मला वाटलं, वेळ काय, ही विचारते काय! पण काकू बोलायला लागल्या. काकांनी स्वतःच्या हातानं बांधली होती. सुट्टीच्या दिवशी, ओळीवर ओळ, काकू पाणी मारायच्या. एक ओळ तिरपी गेली होती म्हणून दोघं भांडले होते. रत्नाताईनं विचारलं, "मग? कोणाचं खरं झालं?" काकू रडता रडता हसल्या. "माहं. पण पाडली नाही त्यायनं, तशीच ठेवली." मुलगाही जवळ येऊन ऐकत होता. त्याला बहुतेक हे माहीत नव्हतं.

"चाला आता," रत्नाताई म्हणाली, "पाय दाखवून येऊ. भिंत पुन्हा बांधू, अन् एक ओळ तिरपी ठेवू." आणि काकू उठल्या. रत्नाताईच्या खांद्यावर हात टाकून, माझ्याच गाडीत, माझ्याच शेजारी येऊन बसल्या.

पायाला प्लास्टर घालून आम्ही संध्याकाळी परत आलो. पुढे सगळं कलमाप्रमाणेच झालं, काकूंना दवाखान्याचा खर्च मिळाला, भिंतीचा मिळाला, कागद मी केले, एकही परत आला नाही. काकू आजही सांगतात, की त्या ताईनं मिळवून दिलं.

त्या संध्याकाळी मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. तिनं स्कुटीवर बसून गॉगल लावला, मग पुन्हा काढला. "एक विचारू का वं वंदना? तुले तं सारंच मालूम होतं. कागद बी पक्के होते. मग मले काहून फोन केला?"

मी म्हणाले, "तुम्हाला नव्हता केला. नवऱ्याला लावत होते. चुकून लागला."

"बरं वं," ती म्हणाली, आणि हसत हसत निघून गेली.

चुकून लागलेल्या फोनवर मी एवढं रडले कशी, हे तिनं विचारलं नाही. त्याचाही मला अजून राग आहे.